काट्यावर न दिसणारी चरबी: रक्ताचा रिपोर्ट कसा वाचावा

उंची १६८ सेंटिमीटर, वजन ६२ किलो, म्हणजे बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २२. वजनावरून यात काहीच वावगं दिसत नाही. पण याच माणसाची कंबर ९२ सेंटिमीटर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १९० आणि एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) ३६ असेल, तर चरबी पोटात आणि यकृतात साठते आहे असं समजावं. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचंच उदाहरण दिलं होतं. बीएमआय दोघांचाही २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२. सारख्याच बीएमआयला भारतीयांच्या अंगात चरबी जास्त असते, म्हणून आपल्याकडे जादा वजनाची रेषा २३ला आणि लठ्ठपणाची २५ला धरतात.

आधी टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर मोजा. पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेलं की पुढचे आकडे जास्त बारकाईने बघायचे.

रक्त द्यायला १० ते १२ तास उपाशी जा. पाणी चालेल, दुधाचा चहा नाही. आदल्या दोन-तीन दिवसांत दारू नको, ट्रायग्लिसराइड चढतं. जोरदार व्यायामही नको, त्याने एसजीपीटी (यकृतातलं एक एन्झाइम) वाढतं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर लॅबला सांगा. काही यंत्रांवर त्यामुळे इन्सुलिन खोटं कमी दिसतं. साखरेसाठीचं रक्त फ्लोराइडच्या, बहुधा राखाडी झाकणाच्या, नळीत घेतलेलं असावं. साध्या नळीत पडून राहिलं तर पेशी साखर खात राहतात आणि आकडा तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी घसरतो. घरून रक्त नेणाऱ्यांना हे जरूर विचारा.

तपासण्या मोजक्याच पुरतात: उपाशीपोटीची साखर आणि इन्सुलिन, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल (ट्रायग्लिसराइड, एचडीएल वगैरे), एसजीओटी-एसजीपीटी (यकृताची एन्झाइम्स), सीबीसी (रक्तपेशींची मोजणी). लेप्टिन आणि अ‍ॅडिपोनेक्टिन ही चरबीच्या पेशींतून येणारी हार्मोन्स पॅकेजमध्ये असले तरी आमच्या मते ते पैसे वाचवावेत. चरबी वाढली की लेप्टिन वाढतं आणि अ‍ॅडिपोनेक्टिन घटतं, हे खरं; पण त्या आकड्यावरून उपचार बदलत नाही.

आता ट्रायग्लिसराइडला एचडीएलने भागा. वरच्या माणसाचं उत्तर ५.३ येतं, ३च्या पुढे गेलं की इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नाही अशी शंका घ्यावी. मग हीच शंका पडताळायला उपाशीपोटीची साखर गुणिले इन्सुलिन, भागिले ४०५. साखर ९६ आणि इन्सुलिन १६ असेल तर ३.८. साधारण २.५च्या पुढे काळजी, पण लॅबगणिक इन्सुलिनचे आकडे बदलतात, त्यामुळे दरवेळी एकाच लॅबमध्ये जा. यात साखर ‘नॉर्मल’ आहे याने फसू नका: स्वादुपिंड जादा इन्सुलिन ओतून ती तशी ठेवतंय.

एसजीपीटीत लॅबची मर्यादा बरेचदा ४५-५०पर्यंत असते. पुरुषांत ३० आणि बायकांत २०-२५च्या वर सतत राहिलं, तर फॅटी लिव्हरचा विचार व्हायला हवा. उलट, ते नॉर्मल आलं म्हणून यकृत साफ आहे असं नाही, विशेषतः मधुमेह किंवा ३०च्या पुढचा बीएमआय असेल तर. तिथे वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट यांवरून काढलेला फिब-४ हा यकृत किती कडक झालंय याचा अंदाज देणारा आकडा डॉक्टरांकडून बघून घ्या.

एचबीएवनसी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. मात्र लोहाची कमतरता असेल तर तो उगाच जास्त येऊ शकतो, म्हणून सीबीसी सोबत हवीच. पाळीत जास्त रक्त जाणाऱ्या बायकांत हा घोळ नेहमीचा.

बीएमआय ३०च्या पुढे असूनही सगळे आकडे चांगले आले तर वर्षाने पुन्हा तपासा. ही स्थिती पुष्कळांत टिकत नाही. याउलट वजन आपोआप उतरतंय आणि साखर चढतेय, तर हे गणित बाजूला ठेवून त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. ट्रायग्लिसराइड ५००च्या वर गेलं तरीही तसंच, कारण स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो.

ठरवून वजन झपाट्याने उतरवत असताना मात्र तपासणी नको. त्या काळात एचडीएल तात्पुरतं खाली येतं. काटा महिनाभर स्थिर राहू द्या, मग रक्त द्या.