हँग झालेला संगणक: पॉवर बटण दाबण्यापूर्वी

संगणक हँग झाला की बहुतेकांचा हात प्रथम पॉवर बटणाकडे जातो. त्या उपायाने संगणक पुन्हा सुरू होतो हे खरे. परंतु सेव्ह न केलेले काम हमखास जाते आणि त्या क्षणी डिस्कवर काही लिहिले जात असेल, तर ती फाइल खराब होण्याचा धोका असतो. म्हणून आधी नेमके काय अडले आहे हे ठरवावे: एखादाच प्रोग्रॅम, केवळ स्क्रीन, की संपूर्ण यंत्रणा.

विंडोजमध्ये एखाद्या प्रोग्रॅमने सुमारे ५ सेकंद माऊस-कीबोर्डच्या सूचनांची दखल घेतली नाही, की त्याच्या खिडकीवर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ अशी अक्षरे उमटतात. हा काही मृत्यूचा दाखला नव्हे. मोठी एक्सेल फाइल हिशेब करत असताना किंवा बंद पडलेल्या नेटवर्कवरील फाइलची वाट पाहत असतानाही हेच दिसते, आणि दोन-चार मिनिटांत प्रोग्रॅम आपोआप ताळ्यावर येतो. या काळात चिडून क्लिक करत राहणे ही सर्वांत मोठी चूक होय, कारण ते क्लिक रांगेत साठून राहू शकतात आणि प्रोग्रॅम जागा होताच एकामागून एक अमलात येतात. मग भलतेच बटण दाबले जाऊन उरलेसुरले कामही हातचे जाते.

वाट पाहूनही हालचाल दिसली नाही, तर कॅप्स लॉकची कळ दाबून तिचा दिवा पाहावा. दिवा लागत-विझत असेल, तर यंत्रणेचा गाभा जिवंत आहे आणि आशेला जागा आहे. दिवा ढिम्म राहिला, तर निष्कर्षाची घाई न करता कीबोर्डची वायर नीट बसली आहे ना, आणि वायरलेस कीबोर्ड-माऊस असल्यास त्यांची बॅटरी उतरलेली नाही ना, हे पाहावे.

गाभा जिवंत असल्यास कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर (चालू प्रोग्रॅमची यादी दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडावा, अडलेला प्रोग्रॅम निवडावा आणि ‘एंड टास्क’ म्हणावे. त्या प्रोग्रॅममधील सेव्ह न केलेले काम जाईल, पण इतर प्रोग्रॅम वाचतील. टास्कबारच अडकला असेल, तर त्याच यादीतील ‘विंडोज एक्सप्लोरर’ निवडून रीस्टार्ट करावा. टास्क मॅनेजर उघडलाच नाही, तर कंट्रोल-ऑल्ट-डिलीट वापरावे, कारण हा संयोग विंडोज स्वतः हाताळते आणि सामान्य प्रोग्रॅमला तो अडवता येत नाही. (१९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीसाठी डेव्हिड ब्रॅडली या अभियंत्याने तो योजला, तेव्हा या संयोगाने संगणक थेट पुन्हा सुरू होत असे; एका हाताने चुकून दाबला जाऊ नये, म्हणून त्याने कळाही दूरदूरच्या निवडल्या होत्या.) आवाज चालू आहे पण स्क्रीन काळी किंवा स्तब्ध आहे, अशा वेळी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबाव्यात, त्याने ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीनवरील चित्र सांभाळणारा प्रोग्रॅम, नव्याने सुरू होतो आणि उघडी कामे तशीच राहतात. मॅकवर ऑप्शन, कमांड आणि एस्केप दाबल्यास ‘फोर्स क्विट’ची यादी येते.

हे सारे थकले, तरच पॉवर बटण सुमारे १० सेकंद दाबून धरावे. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर आणखी थोडे थांबावे, आणि अपडेट बसत असल्याची सूचना स्क्रीनवर असेल तर घाई अजिबात करू नये. संगणक पुन्हा सुरू झाल्यावर वर्ड उघडावे: ऑटोरिकव्हर बंद केलेले नसेल, तर ते मूळ सेटिंगनुसार दर १० मिनिटांनी प्रत ठेवत असते आणि ती आपणहून पुढे करते.

एकदाच घडले तर विसरून जावे. वारंवार घडू लागले, तर कारण शोधणे भाग आहे. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीतील ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद पाहून अनेक जण घाबरतात. पण संगणक रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाला एवढेच ती सांगते, कारण सांगत नाही. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी भरलेली आणि डिस्क १०० टक्क्यांवर दिसत असेल, तर ब्राउझरचे अनावश्यक टॅब मिटून पाहावेत, कारण ही मेमरी, म्हणजेच रॅम, अपुरी पडली की विंडोज डिस्कचा आधार घेते आणि डिस्क रॅमच्या तुलनेत फारच संथ असते. दर वेळी निराळाच प्रोग्रॅम अडत असेल, तर ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ने रॅम तपासावी. मात्र हार्ड डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर कोणतीही तपासणी करण्याआधी महत्त्वाच्या फाइल दुसरीकडे उतरवून घ्याव्यात. अशा डिस्कला तपासणीचा ताणच अखेरचा ठरू शकतो.