अकरावीत केमिस्ट्रीतलं बॉन्डिंग (अणू एकमेकांना कसे जोडले जातात ते) डोक्यावरून जातंय? माझं पण गेलेलं

दहावीपर्यंत मी मराठी मीडियमवाला, स्थायू द्रव वायू, संयुजा, सहसंयुज बंध सगळं तोंडपाठ, आणि अकरावी सायन्सला सर कोव्हॅलंट, लोन पेअर (बंधात न अडकलेली इलेक्ट्रॉनची जोडी) असं भडाभडा बोलायला लागले तेव्हा मी नुसती मान हलवत बसायचो. कोव्हॅलंट म्हणजे आपला सहसंयुजच, इलेक्ट्रॉन वाटून घेणारा बंध, हे कळायला महिना गेला. वहीच्या मागच्या पानावर अशा जोड्या लिहून ठेवा, वीसेक शब्दांत काम भागतं.

खरा घोळ पुढे झाला. युनिट टेस्टला विचारलेलं, पाणी उकळताना काय होतं, आणि मी बिनधास्त लिहिलं की ओ-एच बॉन्ड तुटतो आणि हायड्रोजन, ऑक्सिजन बाहेर पडतात. भोपळा! सर म्हणाले मग रोज चहा ठेवताना तुझ्या घरी स्फोट व्हायला हवा. संध्याकाळी आईने भातावरचं झाकण उचललं तर आतल्या बाजूने पाणी टपटपत होतं, पाणीच ते, दुसरं काही नाही, तेव्हा कुठे ट्यूब पेटली. तुटतं ते रेणू-रेणूंमधलं हायड्रोजन बॉन्डिंग (एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो ते), रेणूच्या आतला बॉन्ड आहे तसाच राहतो. आता ते कमजोर म्हणून सोडून देऊ नका, हायड्रोजन सल्फाइडचा रेणू पाण्यापेक्षा जड असूनही उणे 60 अंशालाच उकळतो आणि पाणी 100 ला, हा सगळा फरक त्याचाच.

मिठाचं गणित वेगळं. त्यात सुटा रेणूच नसतो, सोडियम आणि क्लोराइडचे आयन (विद्युतभार असलेले कण) एकाआड एक, म्हणून वितळवायला 801 अंश लागतात, तव्यावर टाकलं तर फक्त तडतडतं. साखर मात्र वितळते, पण काळी पडली की समजा आतले बॉन्डच तुटले, मग ती काही परत साखर होत नाही.

आमच्या पुस्तकात बॉन्डिंग 5वा धडा आणि स्टेट्स ऑफ मॅटर 10वा, त्यामुळे एकाचा दुसऱ्याशी संबंध आहे हेच कळत नाही, मी दिवाळीच्या सुट्टीत दोन्ही लागोपाठ वाचले तेव्हा जुळलं.

रेणूंच्या शेप्ससाठी चार फुगे देठाशी एकत्र बांधा, आपोआप मिथेनचा आकार होतो, 109.5 अंश. पाण्यात दोन लोन पेअर जास्त जागा खातात म्हणून 104.5.

गॅसच्या न्यूमेरिकल्समध्ये तापमान आधी केल्विनमध्ये करा (27 अंश सारखं सारखं देतात कारण त्याचे सरळ 300 होतात), आणि प्रेशर अॅटमॉस्फियरमध्ये, व्हॉल्यूम लिटरमध्ये असेल तर आर (गॅसच्या समीकरणातला स्थिरांक) 0.0821 घ्या, 8.314 नाही, माझे तिथे पण दोन मार्क गेलेत.