ऑस्कर मासा पाळायचाय? आधी टाकी, मग मासा

दुकानात दोन इंचांचं दिसणारं ऑस्करचं पिल्लू नीट पोसलं तर वर्षभरात नऊ-दहा इंचांचं होतं, आणि पुढे दहा वर्षं सहज जगतं. तेव्हा टाकी घ्यायची ती मोठ्या माशाच्या मापाने.

एका ऑस्करला 4 फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी लागते. तीत सुमारे 250 लिटर पाणी मावतं, म्हणजे नुसतं पाणीच 250 किलो. शोकेसवर ठेवू नका. लोखंडी स्टँड करून घ्या, तो लेव्हलमध्ये बसवा आणि काचेखाली थर्माकोलची शीट घाला. झाकण हवंच, हा मासा उडी मारतो. फिल्टर दणकट घ्या, कॅनिस्टर (टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्यासारखा फिल्टर) असल्यास उत्तम.

नळाचं पाणी भरलं की अँटीक्लोरीन टाका, फिल्टर सुरू करा आणि थांबा. सगळ्यात जास्त मासे इथल्या घाईने मरतात. विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये रुजायला चार ते सहा आठवडे जातात. तोवर रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाकत राहा. टेस्ट किटवर अमोनिया आधी चढलेला दिसेल, मग उतरेल. तो आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की मासा आणा. ओळखीच्या कुणाच्या चालू, निरोगी टाकीतला फिल्टरचा स्पंज मिळाला तर हे काम बरंच लवकर होतं.

पिशवी वीसेक मिनिटं टाकीत तरंगू द्या. मग मासा जाळीने सोडा, पिशवीतलं पाणी आत ओतू नका. तापमान 25 ते 28 अंश ठेवा.

खायला चांगल्या पेलेट्स द्या, पिल्लाला दिवसातून दोनदा, मोठ्याला एकदा. तुम्हाला पाहताच तो काचेला तोंड लावून शेपूट हलवेल, पण दर वेळी खाऊ घालू नका. जिवंत गोल्डफिश तर अजिबात नको. त्यातून रोग येतात, शिवाय त्यातल्या थायमिनेज या एन्झाइममुळे ब1 जीवनसत्त्व नष्ट होतं.

दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदला. स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच, नळाखाली धरलात तर क्लोरीनने जिवाणू मरतील. डोक्यावर बारीक खड्डे दिसू लागले तर आधी पाणी तपासा. वीज जाणाऱ्या भागात बॅटरीचा एअर पंप घरात असू द्या.

मासा सांभाळणं जमेनासं झालं तर दुकानदाराला परत द्या. तलावात किंवा नदीत सोडू नका. असेच सोडलेले सकर मासे (टाकीतलं शेवाळ खायला ठेवतात ते) आज आपल्या कितीतरी पाणवठ्यांत माजलेत.