पी०४२० आणि न बदललेला कन्व्हर्टर

मिशिगनमधल्या माझ्या २००४ सालच्या पिकअपचा चेक इंजिनचा दिवा लागला आणि स्कॅनरने पी०४२० हा बिघाडाचा कोड दाखवला, म्हणजे पहिल्या बँकेच्या (सिलिंडरांच्या पहिल्या रांगेच्या) कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या भागाची, कार्यक्षमता मर्यादेखाली गेली होती. गॅरेजवाल्याने तपासणी न करताच कन्व्हर्टर बदलायला सांगितले, ते मला पटले नाही. इंजिन तापवून पाहिले, तर कन्व्हर्टरच्या आधी बसवलेल्या पुढच्या ऑक्सिजन सेन्सरचे (धुरातला ऑक्सिजन ओळखणाऱ्या) व्होल्टेज अपेक्षेप्रमाणे ०.१ ते ०.९ व्होल्टदरम्यान झुलत होते. कन्व्हर्टरनंतरच्या मागच्या सेन्सरचे मात्र ०.७ च्या आसपास स्थिर न राहता वारंवार कोसळत होते. मग थंड इंजिन सुरू करून धुराच्या नळीच्या सांध्यांवर साबणाचे पाणी फवारले, तेव्हा मागच्या सेन्सरच्या अलीकडच्या फ्लँजवर (नळ्या बोल्टने जोडणाऱ्या कडेवर), काजळीच्या काळ्या पट्ट्यापाशी, बुडबुडे फुटू लागले. तिथूनच धूर बाहेर येत होता आणि मधूनमधून बाहेरची हवाही आत ओढली जात होती; त्या हवेतला ऑक्सिजन मागच्या सेन्सरला फसवत होता. हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठाने गंजलेले बोल्ट काढण्यात अख्खा शनिवार गेला. सांध्यातले गॅस्केट (गळती रोखणारी चकती) बदलून कोड पुसला. तो अजून परतलेला नाही.