पुस्तक आणि त्यावरचा चित्रपट: तुलना लिहायची कशी?

‘पुस्तकात हे आहे, चित्रपटात ते नाही’ अशी वाक्यं एकाखाली एक येऊ लागली की निबंध फसला. ती यादी खरी असते, पण तिच्यातून काहीच निघत नाही. तुलना सुरू होते ती पुढच्या प्रश्नाने: हा बदल का केला असेल, आणि त्यामुळे गोष्टीचं काय झालं?

पुस्तक आधी वाचा. उलटं केलं तर पात्रांना नटांचे चेहरे चिकटतात आणि लेखकाने केलेलं वर्णन नजरेतून निसटतं. वाचताना पान क्रमांकासह नोंदी ठेवा. चित्रपट दोनदा पाहा: एकदा सलग, एकदा थांबवत, मिनिटं टिपत. नुसत्या आठवणीवर लिहिणाऱ्यांच्या निबंधात चित्रपटातला प्रसंग हमखास पुस्तकात जाऊन बसतो.

मग वहीच्या पानावर चार रकाने आखा: पुस्तकात काय, चित्रपटात काय, कारण, परिणाम. शेवटचा रकाना रिकामा राहिला की ती ओळ खोडा, कितीही आवडती असली तरी. १५ पैकी ३ उरल्या तरी दोन पानांच्या निबंधाला पुरतात.

एल. फ्रँक बॉम यांचं ‘द वंडरफुल विझर्ड ऑफ ऑझ’ (१९००) आणि त्यावरचा १९३९चा चित्रपट घ्या. डोरोथी ही मुलगी वादळात घरासकट उडून ऑझ या अद्भुत देशात पोचते आणि घरी परतायची वाट शोधते. पुस्तकात तिचे बूट चांदीचे, चित्रपटात माणकांसारखे लालभडक. कारण सापडतं: टेक्निकलर या रंगीत चित्रीकरणाच्या तंत्रात ऑझमधल्या पिवळ्या रस्त्यावर लाल उठून दिसतो. पण बुटांचं काम दोन्हीकडे तेच, घरी पोचवण्याचं. म्हणून ही नोंद एका वाक्यापुरतीच.

शेवट मात्र अख्खा परिच्छेद मागतो. पुस्तकात डोरोथी परतते तेव्हा बूट वाटेतल्या वाळवंटात पडून गेलेले असतात, आणि समोर काकांनी नवं घर बांधलेलं असतं, कारण जुनं वादळाने खरोखरच उडवून नेलंय. चित्रपटात ती आपल्याच पलंगावर जागी होते. भोवती शेतावरचे गडी, ज्यांचे चेहरे तिला प्रवासात भेटलेले. ती सांगते ते घरच्यांना स्वप्न वाटतं.

आता दोन वाक्यं शेजारी ठेवा. कच्चं: ‘पुस्तकाचा आणि चित्रपटाचा शेवट वेगळा आहे.’ पक्कं: ‘नवं घर दाखवून पुस्तक प्रवास खरा ठरवतं, पलंग दाखवून चित्रपट तो स्वप्नात नेतो, त्यामुळे डोरोथीच्या धाडसापेक्षा घरची ओढ मोठी होते.’ दुसऱ्यात पुरावा आहे आणि मतही.

मांडणी मुद्द्यानुसार करा. आधी सगळं पुस्तक, मग सगळा चित्रपट असं लिहिलं तर दोन सारांश होतात आणि तुलना वाचणाऱ्यालाच करावी लागते. एका परिच्छेदात एक बदल, दोन्ही बाजू तिथेच.

‘पुस्तकच चांगलं’ हा निकाल घाईने देऊ नका. पात्राच्या मनातलं पुस्तक थेट सांगतं. चित्रपटाला त्यासाठी चेहरा, संगीत, रंग, शांतता वापरावी लागते. त्याने काय गाळलं एवढंच मोजू नका, त्या जागी काय ठेवलं तेही लिहा. आणि कारण ठाऊक नसेल तर ‘दिग्दर्शकाला असं म्हणायचं होतं’ असं ठोकून देऊ नका. ‘यामुळे प्रेक्षकाला असं वाटतं’ एवढं लिहा, कारण तेवढं दृश्यावरून दाखवता येतं.