बूथवर एजंट म्हणून बसणार असाल तर

निवडणूक आली की पक्षाकडून निरोप येतो, "ताई, बूथवर कुणालातरी बसवा." मग गावात जो रिकामा सापडेल त्याच्या हातात कागद कोंबला जातो आणि तो दुपारी जेवायला गेला की संध्याकाळपर्यंत फिरकत नाही. आमचं बूथ जिल्हा परिषदेच्या शाळेत असतं. तिथे मी बरीच वर्षं बसतेय, म्हणून नव्या पोरापोरींसाठी हे लिहून ठेवते. हे लोकसभा-विधानसभेचं झालं. ग्रामपंचायत, झेडपीचे नियम वेगळे.

नमुना १०, म्हणजे उमेदवाराने तुम्हाला एजंट नेमल्याचं पत्र, आदल्या रात्रीच ताब्यात घ्या. त्यावर उमेदवाराची किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीची सही हवी. खालच्या प्रतिज्ञेवर तुमची सही मात्र केंद्राध्यक्षासमोरच करायची, घरून ठोकून आणायची नाही. बरोबर ओळखपत्र, मतदार यादी, वही आणि दोन पेनं. मोबाइल आत चालत नाही.

मतदान सातला असेल तर मॉक पोल, म्हणजे मशीन तपासायचं चाचणी मतदान, साडेपाचला. एजंट आले नाहीत तर केंद्राध्यक्ष पंधरा मिनिटं वाट बघतात, मग सुरू करतात. नंतर "आमच्यासमोर झालंच नाही" म्हणून ओरडण्यात अर्थ नाही. किमान ५० मतं टाकायची, नोटासकट प्रत्येक बटणाला काही ना काही. कुणाला किती पडली याच्या वहीत काड्या मारत जा. मग कंट्रोल युनिटवरचं, म्हणजे मशीनच्या केंद्राध्यक्षाकडच्या भागावरचं, क्लोज बटण, मग रिझल्ट. मशीनचा आकडा, व्हीव्हीपॅटच्या (मत कुणाला गेलं ते छापणाऱ्या यंत्राच्या) चिठ्ठ्या आणि तुमच्या काड्या जुळल्या पाहिजेत. त्यानंतर क्लिअर. इथे डोळ्यांत तेल घालून बसा. क्लिअर दाबायचं राहिलं तर ती ५० मतं खऱ्या मतांत मिसळतात आणि मतमोजणीला डोकं धरायची पाळी येते. टोटल दाबून शून्य दाखवायला सांगा, व्हीव्हीपॅटचा खालचा डबा रिकामा आहे का तेही बघा. मग हिरव्या कागदी सीलवर सही करा आणि कंट्रोल युनिटचा व सीलचा नंबर वहीत उतरवा. हा नंबर लिहायचा बहुतेकांना कंटाळा येतो.

दिवसभराचं काम म्हणजे बोट आणि यादी. मतदाराच्या ओळखीवर शंका असेल तर दोन रुपये भरून आक्षेप घेता येतो, पण उठसूट घेऊ नका. लग्न होऊन आलेल्या सुनेचं यादीत माहेरचं नाव राहिलेलं असतं. ती कोण हे अख्ख्या गल्लीला माहीत असताना तिला अडवण्यात कसली हुशारी? ओळख पटत असेल तर नावातल्या किरकोळ चुकीवरून मत नाकारत नाहीत. आक्षेप राखून ठेवा तो मयत आणि गाव सोडून गेलेल्यांच्या नावावर येणाऱ्यांसाठी. त्यांची यादी केंद्राध्यक्षांकडे असते; तुमचीही आधीच तयार असू द्या. आणि कुणाचं मत आधीच दुसऱ्याने टाकलेलं निघालं तर त्या माणसाला रडत घरी पाठवू नका. ओळख पटली की त्याला प्रदत्त मत, म्हणजे कागदी मतपत्रिका, मिळते. ती वेगळ्या पाकिटात जाते, मशीनमध्ये नाही.

सहा वाजता रांग असेल तर शेवटच्या माणसापासून पुढे चिठ्ठ्या वाटल्या जातात. तेवढ्यांचं मतदान होईपर्यंत बूथ चालू राहतं, मग रात्रीचे आठ का वाजेनात.

क्लोज बटण दाबल्यावर टोटल बघा. १७ सी या मतांच्या हिशेबाच्या फॉर्मवर तोच आकडा चढतो. त्याची केंद्राध्यक्षाच्या सहीची प्रत मागून घ्या. ती द्यायचीच असते, मेहरबानी नव्हे. दिवसभर उपाशी बसून ऐन वेळी "उद्या घेतो" म्हणणारे एजंट मी पाहिलेत. उद्या कुठलं? सगळी टीम मशीन घेऊन तालुक्याला गेलेली असते. प्रत हातात आली की सीलचे नंबर त्यावरच्या नोंदीशी ताडून बघा आणि ती रात्रीच पोहोचवा. मोजणीच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाला तोच कागद लागतो: मशीन उघडताना आधी नंबर, मग एकूण मतं, आणि फरक निघाला तर निकाल वाचायच्या आधी हरकत.