तंतू रंगवण्याआधी तो नुसता बघा

फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपीत, म्हणजे ठरावीक रंगाचा प्रकाश टाकून नमुना स्वतः कसा चमकतो ते सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यात, नवीन आलेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: कुठला डाय (चमकणारा रंग) वापरू? मी सांगतो, आधी काहीच वापरू नका. न रंगवलेल्या तंतूची स्लाइड करा आणि ती प्रकाशाचा रंग निवडणाऱ्या एकेका फिल्टरखाली बघून घ्या. धुतलेलं सुती कापड यूव्हीखाली निळंशार दिसतं, ती करामत बहुतेक वेळा कपडे धुण्याच्या पावडरीतल्या ऑप्टिकल ब्राइटनरची (कपडे शुभ्र दिसावेत म्हणून घातलेल्या चमकत्या रसायनाची) असते. लोकर तिच्यातल्या प्रथिनांमुळे आणि ताग लिग्निनमुळे मुळातच थोडे चमकतात. हे माहीत नसेल तर पुढचे सगळे सुंदर फोटो संशयास्पद!

डायची निवड तंतूच्या रसायनावर ठरते. सेल्युलोजला, म्हणजे सुती किंवा व्हिस्कोजला, कॅल्कोफ्लोर व्हाइट सहज धरतो. लोकर, रेशीम, नायलॉन यांच्यातले अमाइन गट आम्लात धनभारित होतात, म्हणून सल्फोर्होडामाइनसारखा आम्लधर्मी डाय अॅसिटिक आम्लाचे थेंब टाकलेल्या पाण्यात छान बसतो.

खरा छळ पॉलिएस्टरचा. त्याच्यावर भार नाही, पाण्यात विरघळणारे डाय त्याला दाद देत नाहीत. तिथे नाइल रेड हा तेलकट पदार्थांत मुरणारा डाय लागतो. ७०-८० अंश सेल्सिअसच्या पुढे पॉलिएस्टरची आतली रचना सैल होते, त्यामुळे गरम द्रावणात डाय जास्त शिरतो. पण नाइल रेडला तेलही तितकंच आवडतं. कारखान्यात सूत काढताना लावलेलं तेल तंतूवर राहिलं असेल तर तेच आधी चमकतं: गुळगुळीत तंतूवर चमकदार ठिपके आणि ओघळ दिसतात, मधला भाग मात्र काळाच. आधी फ्यूम हूडमध्ये (वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात) पेट्रोलियम ईथरने धुतलं की चमक कडेने सलग येते. डाय अॅसिटोनमध्ये विरघळवणार असाल तर नमुन्यात अॅसिटेट रेयॉन नाही ना, एवढं बघा. अॅसिटोन तो तंतूच विरघळवून टाकतो.

चमक कमी वाटली की डाय वाढवायचा मोह होतो. तो आवरा. रेणू दाटीवाटीने बसले की एकमेकांचा प्रकाश गिळतात आणि तंतू उलट मंद दिसतो. त्यापेक्षा नीट खळबळा, मंद प्रकाशात जागा शोधा आणि फोटोपुरताच पूर्ण प्रकाश द्या, नाहीतर शोधता शोधताच डाय उडून जातो. रंगवलेल्या आणि न रंगवलेल्या स्लाइडला एक्स्पोजर एकच ठेवा. कव्हरस्लिपच्या कडा नेलपॉलिशने बंद करणार असाल तर त्याचाही एक थेंब कोऱ्या काचेवर तपासा; काही नेलपॉलिश स्वतःच चमकतात.